टाके सुटल्यानंतर

शस्त्रक्रिया दोन-तीन तासांत आटोपते. तिच्यातून बरं होणं मात्र महिनोन्‌महिने चालतं. कातडीवर घातलेली चीर शिवली की शरीराचं काम सुरू होतं. पहिले काही दिवस जखमेभोवती सूज आणि लाली असते. पांढऱ्या पेशी तिथली साफसफाई करत असतात. त्यानंतर तीनेक आठवडे नवं ऊतक भरत जातं आणि पुढे वर्षभर ते घट्ट होत राहतं. टाके आठ-दहा दिवसांत निघतात, पण तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस त्या जागेची ताकद मूळच्या कातडीच्या जेमतेम एक पंचमांश असते. कितीही काळ गेला तरी ती ८० टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर ‘वजन उचलायचं नाही’ असं बजावतात ते यासाठी.

ही सूचना रुग्णाला दिलेली वाटते, पण ती पाळायची असते घरादारानं. पाण्याची बादली, गॅसचा सिलिंडर, कडेवरचं मूल, भाजीची पिशवी हे सगळं त्या दिवसापासून दुसऱ्या कुणीतरी उचलायचं असतं. हे प्रकरण त्या दुसऱ्या कुणाबद्दल आहे. त्यांच्या असण्यानं रुग्णाला नेमकं काय मिळतं, त्यांचे आभार मानताना आपल्याला अवघड का वाटतं आणि ते मानल्यानं कुणाचं भलं होतं, हे तीन प्रश्न आपण पाहणार आहोत.

ऑपरेशन परळला, आराम अंबरनाथला

मुंबईबाहेरच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात दवाखान्यांची वानवा नाही. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय आहे, अंबरनाथचं छाया रुग्णालय आहे, गल्लोगल्ली खासगी नर्सिंग होम आहेत. ९ ऑक्टोबर २०२४ला राज्यात एकाच दिवशी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्‌घाटन झालं, त्यांत अंबरनाथचंही होतं. तरी मोठं दुखणं निघालं की घरातली माणसं अजून लोकलचं वेळापत्रक बघतात. परळचं केईएम १९२६पासून आणि टाटा स्मारक रुग्णालय १९४१पासून उभं आहे. शीव आणि जेजे आहेतच. अंबरनाथहून दादरपर्यंत फास्ट लोकलनं सव्वा तास, पुढे परळ. म्हणजे चिरफाड होते मुंबईत आणि जखम भरते पन्नास-साठ किलोमीटर दूर, तिसऱ्या मजल्यावरच्या वन रूम किचनमध्ये.

या अंतरामुळे मदतीचीही विभागणी होते. रुग्णालयात एक फळी लागते आणि घरी दुसरी.

रुग्णालयातल्या फळीपुढचा पहिला प्रश्न ठरलेला: रात्री कोण बसणार? दिवसा भेटायला येणारे पुष्कळ असतात. शहाळी, मोसंबी, ग्लुकोजची बिस्किटं यांनी खाटेशेजारचं कपाट भरून जातं. रात्री मात्र एकच पास आणि एकच माणूस. तो खाटेखाली चटई टाकून आडवा होतो, सलाइन संपत आलं की सिस्टरना हाक मारतो, लघवीची पिशवी किती भरली ते वहीत लिहितो आणि पहाटेची लोकल पकडून थेट ड्युटीवर जातो. दुपारी दुसरा कुणी रांगा लावतो: रक्ताचे रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावरचे आरोग्यमित्र. २ जुलै २०१२ला ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. तिची कुटुंबामागची वार्षिक मर्यादा पुढे दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. पण रेशनकार्डाची झेरॉक्स वेळेवर घेऊन जाणारं माणूस नसेल, तर त्या पाच लाखांपर्यंत रुग्ण पोहोचत नाही.

घरची फळी घडली ती या गावांच्या इतिहासातून. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळालं. शेजारी कोण, हे त्या छावणीत कुणी निवडलं नव्हतं. अंबरनाथ वाढलं ते विमको काडेपेटी कारखाना, आयुध निर्माणी आणि एमआयडीसीच्या आधारानं. बदलापूर वाढलं ते मुंबईत घर न परवडलेल्या नोकरदारांमुळे. कोकण, खानदेश, घाट, मराठवाडा इथून आलेल्या या लोकांचे सख्खे नातेवाईक गावी राहिले. त्यामुळे अडीअडचणीला भाऊ, वहिनी, मावशी म्हणून उभे राहतात ते जिन्यातले शेजारी, कारखान्यातले सोबती आणि लोकलमधला ग्रुप. लेडीज डब्यातल्या एखादीचं ऑपरेशन ठरलं, की तिच्या ऑफिसआधी ते डब्याला कळतं. कुणी वर्गणी जमवते, कुणी सुट्टीच्या दिवशी स्वयंपाक करून पाठवते, कुणी परतीच्या वाटेवर दादरला उतरून भेटून येते. रुग्ण पुन्हा प्रवासाला लागला की खिडकीजवळची जागा न मागता मिळते. कर्करुग्णांना प्रमाणपत्रावर दिव्यांगांच्या डब्यातून जाण्याची परवानगी रेल्वेनं दिली आहे. गर्दीच्या वेळी त्या डब्यात त्यांना चढवून देणारा हात बहुतेक वेळा अनोळखी असतो.

सोबतीचा औषधासारखा गुण

सोबतीनं बरं वाटतं, हे आजीलाही ठाऊक होतं. किती बरं वाटतं, हे मोजण्याचे प्रयत्न गेल्या चाळीसेक वर्षांतले. अमेरिकेतल्या सॅन डिएगोचे मानसशास्त्रज्ञ जेम्स क्युलिक आणि हाइक माहलर यांनी १९८९मध्ये बायपास झालेल्या विवाहित पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या बायका रुग्णालयात जास्त वेळा भेटायला येत होत्या, त्यांनी वेदनाशामक औषधं कमी घेतली आणि ते घरीही लवकर गेले. याच जोडीनं १९९६मध्ये शेजारच्या खाटेचा अभ्यास केला. ज्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्यांच्या खोलीत ऑपरेशन झालेला रुग्ण असेल, तर त्यांची धास्ती कमी राहिली, नंतर ते जास्त चालले आणि त्यांना सुट्टीही लवकर मिळाली. सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात राहिलेल्यांना याचं नवल वाटणार नाही. ‘काही नाही हो, दुसऱ्या दिवशी उठून बसाल’ हे डॉक्टरांनी सांगणं वेगळं आणि परवाच टाके पडलेल्या बाजूच्या काकांनी उठून बसून दाखवणं वेगळं.

हा परिणाम दीर्घकाळ टिकतो. कॅथलीन किंग आणि हॅरी रीस यांनी बायपास झालेल्या २२५ जणांचा १५ वर्षं माग ठेवला. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, शस्त्रक्रियेच्या वेळी विवाहित असलेल्यांची १५ वर्षांनंतर हयात असण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट होती. मात्र संसार समाधानाचा असेल तरच हा फायदा ठळक होता, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत. माणूस जवळ असणं आणि जवळचं माणूस असणं यांत फरक आहे, तो इथे आकड्यांत दिसला.

असं का होतं, त्याची काही कारणं साधी आहेत. कुणी सोबत असेल तर रुग्ण वेळेवर औषध घेतो, उठून चार पावलं चालतो, दोन घास जास्त खातो. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिलं, की लवकर उठवणं, लवकर तोंडानं अन्न देणं आणि वेदना नीट आटोक्यात ठेवणं या गोष्टी एकत्र केल्या, तर मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचा मुक्काम बराच कमी होतो. आज जगभरची रुग्णालयं ही पद्धत वापरतात. आपल्याकडे तिची अंमलबजावणी करणारा हात बहुधा नातेवाइकाचा असतो. दुसरं कारण शरीरातलं. भीती आणि ताण यांनी कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात आणि जखम भरण्याची सुरुवातीची पायरी मंदावते. विश्वासाचं माणूस शेजारी असलं की हा ताण उतरतो.

अर्थात प्रत्येक भेट ही मदत नसते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं रुग्णसेवेवर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात पोकळ धीर देणाऱ्या आणि फुकटचे सल्ले देणाऱ्या भेटकऱ्यांवर एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं आहे. ‘आमच्या भाच्याचंही हेच झालं होतं, पण तो गेला’ असं सांगणारे पाहुणे तेव्हा लंडनमध्येही होते.

घेणाऱ्याची अडचण

आता रुग्णाच्या बाजूनं पाहू. सगळे इतकं करताहेत म्हटल्यावर त्यानं खूश असायला हवं. प्रत्यक्षात तो चिडचिडा होतो, गप्प होतो, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ म्हणत राहतो. घरचे दुखावतात. इथे कुणी कृतघ्न नसतं. मदत घेणं हे मनाला जड जातं, इतकंच.

न्यूयॉर्क शहरातल्या नियाल बोल्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वकिलीच्या कठीण परीक्षेला बसलेले उमेदवार आणि त्यांचे जोडीदार यांच्या रोजच्या नोंदी तपासल्या. २०००मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष चमत्कारिक होता. ज्या दिवशी आपल्याला आधार मिळाला असं उमेदवाराला जाणवलं, त्यानंतर त्याची उदासी वाढलेली दिसली. जोडीदारानं आधार दिला, पण तो उमेदवाराच्या ध्यानात आला नाही, तेव्हा मात्र त्याचा खरा उपयोग झाला. मदतीचा गाजावाजा झाला की घेणाऱ्याला आपलं परावलंबन बोचतं.

याच गटातल्या संशोधकांनी २००३मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. ज्या दिवशी माणसानं नुसती मदत घेतली, त्या दिवशी त्याची मनःस्थिती बिघडलेली होती. ज्या दिवशी त्यानं घेतलीही आणि दिलीही, त्या दिवशी ती चांगली होती. म्हणजे नुसतं घेत राहण्यानं माणूस खचतो आणि थोडं काही परत करता आलं की सावरतो.

हे आपल्याकडे स्वयंपाकघरात आधीपासून माहीत आहे. शेजारच्या वहिनींनी डब्यातून मुगाची खिचडी पाठवली, तर तो डबा घासून रिकामा परत करायचा नसतो. घरात काहीच नसलं तरी वाटीभर साखर किंवा चार बेसनाचे लाडू घालून द्यायचे, ही रीत. पोटाच्या ऑपरेशनमधून उठलेली बाई ओट्याशी उभी राहू शकत नाही, तेव्हा ती मुलीला सांगते, ‘त्या स्टीलच्या डब्यात दोन लिंबं टाक गं, आणि मगच दे.’ मुलीला वाटतं, आता कसल्या रीतीभाती! पण त्या दोन लिंबांमुळे ती बाई पुन्हा घरची कर्ती होते. खिचडीची किंमत लिंबांनी फिटत नाही, फिटावी अशी कुणाची अपेक्षाही नसते. तिला फक्त घेणाऱ्यांच्या रांगेतून थोडा वेळ बाहेर पडायचं असतं. आभार मानणं हे रुग्णाच्या दृष्टीनं असंच काम करतं. अंथरुणात पडलेल्या माणसाजवळ द्यायला दुसरं फारसं काही नसतं.

आभारानं जखम भरते का?

कृतज्ञतेवर हल्ली पुष्कळ लिहिलं जातं, आणि त्यातलं बरंच जरा जास्त गोड असतं. म्हणून पुरावा काय म्हणतो ते नीट पाहायला हवं.

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांचा २००३चा अभ्यास या विषयातला पायाभूत मानला जातो. त्यांनी मज्जातंतू आणि स्नायूंचे आजार असलेल्या काही लोकांना २१ दिवस रोज, ज्यांबद्दल आपण कृतज्ञ आहोत अशा गोष्टी लिहायला सांगितल्या. लिहिणाऱ्यांची मनःस्थिती सुधारली आणि त्यांना झोपही जास्त लागली. पॉल मिल्स यांच्या गटानं २०१५मध्ये हृदय दुबळं झालेल्या, पण लक्षणं न दिसणाऱ्या १८६ जणांची पाहणी केली. ज्यांच्यात कृतज्ञतेची भावना जास्त होती, त्यांना झोप चांगली लागत होती आणि उदासी कमी होती. ऑपरेशननंतर झोप हे मोठं औषध आहे, त्यामुळे हे निष्कर्ष उत्साह वाढवणारे आहेत.

पण दुसरी बाजूही आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जेफ हफमन यांच्या गटानं हृदयविकाराचा झटका किंवा तत्सम त्रासातून उठलेल्या १६४ रुग्णांवर सहा महिने लक्ष ठेवलं. २०१६च्या त्यांच्या निष्कर्षात आशावादी रुग्ण जास्त चालले-फिरले आणि हृदयाच्या तक्रारीसाठी पुन्हा भरती होण्याची वेळ त्यांच्यावर कमी आली. कृतज्ञतेच्या बाबतीत असा ठळक संबंध सापडला नाही.

तेव्हा ‘आभार माना आणि लवकर बरे व्हा’ असं कुणी सांगत असेल, तर त्याला पुराव्याचा आधार नाही. शिवाय हा सल्ला रुग्णावर अन्याय करणारा आहे. तिसऱ्या दिवशी नळ्या लावलेल्या, उलट्या होत असलेल्या माणसानं हसतमुख राहून सगळ्यांचे आभार मानावेत, ही अपेक्षाच चूक. कण्हणं, रडणं, वैतागणं हा त्याचा हक्क आहे. आभार थोडे उशिरा मानले तरी त्यांची किंमत कमी होत नाही.

ऐकणाऱ्याला काय मिळतं

आभाराचा मोठा परिणाम होतो तो ते ऐकणाऱ्यावर. अॅडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जीनो यांच्या २०१०च्या प्रयोगात काही लोकांना एका विद्यार्थ्याचं अर्जपत्र तपासून द्यायला सांगितलं होतं. काम झाल्यावर निम्म्यांना नुसती पोच मिळाली, निम्म्यांना मनापासून आभार मानणारं उत्तर मिळालं. त्यानंतर विद्यार्थ्यानं दुसऱ्या पत्रासाठी मदत मागितली. पोच मिळालेल्यांपैकी ३२ टक्के तयार झाले, आभार मिळालेल्यांपैकी ६६ टक्के. इतकंच नाही, तर भलत्याच माणसानं मदत मागितली तेव्हाही आभार मिळालेले लोक जास्त संख्येनं पुढे आले. आपली कुणाला तरी गरज होती, ही जाणीव त्यामागे होती.

तरीही आपण आभार मानायला कचरतो. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी २०१८मध्ये याचं कारण शोधलं. त्यांनी लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली आणि वाचणाऱ्याला कसं वाटेल याचा अंदाज विचारला. लिहिणाऱ्यांना वाटलं, समोरच्याला संकोच वाटेल, आणि आपण काय म्हणणार हे त्याला ठाऊकच असेल. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांना संकोच फारसा वाटला नाही, ते चकित झाले आणि अंदाजापेक्षा कितीतरी जास्त सुखावले. शब्द नीट जमतील का, याची चिंता लिहिणाऱ्यांनाच होती.

आपल्याकडे या संकोचात एक भर पडते. ‘घरच्यांचे कसले आभार? परकं करतोस का?’ असं म्हणून विषय मिटवला जातो. हे केवळ मराठी घरांपुरतं नाही. सिमियन फ्लॉइड आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये पाच खंडांतल्या आठ भाषांमधल्या रोजच्या संभाषणांची चित्रमुद्रणं तपासली. जवळच्या माणसानं छोटं काम करून दिल्यावर तोंडी आभार मानले गेले ते १०० पैकी पाच-सहा वेळाच. मीठ पुढे सरकवलं म्हणून घरात कुणी आभार मानत नाही. वेळ आली की आपणही मीठ सरकवतो. रोजच्या व्यवहारात ही पद्धत उत्तम चालते.

ऑपरेशननंतरच्या काळात ती अपुरी पडते, कारण तिथे देवाणघेवाण महिनोन्‌महिने एकतर्फी असते. आणि देणाऱ्याची झीज होत असते. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया निवडल्या. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी छोटी जखम केली. सेवा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. रुग्णाची जखम भरून यावी म्हणून जो खपतो, त्याचीच जखम उशिरा भरते.

आपल्याकडच्या घरात ही व्यक्ती बहुधा बायको, सून किंवा मुलगी असते. तिच्या वाट्याला आभार सर्वांत कमी येतात, कारण ‘तिचं ते कर्तव्यच आहे’. भेटायला येऊन दहा मिनिटं बसलेल्या साहेबांचं कौतुक महिनाभर होतं. पहाटे उठून पथ्याचं करणारी, ड्रेसिंगला रिक्षानं नेणारी, बेडपॅन धुणारी बाई त्या कौतुकात नसते. कृतज्ञता दाखवायची असेल तर सुरुवात तिथून हवी, आणि ती केवळ शब्दांनी होणार नाही. आठवड्यातून एक दुपार तिला पूर्ण मोकळी मिळावी, त्या दुपारी दुसऱ्या कुणी बसावं, हा आभाराचा सर्वांत उपयोगी प्रकार आहे.

ज्यांची नावं कळत नाहीत

काहींचे आभार मानताच येत नाहीत. शस्त्रक्रियेत चढवलेली रक्ताची बाटली कुणाची, हे रुग्णाला कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. तेव्हापासून रक्तपेढ्या चालतात त्या शिबिरांत येऊन फुकट रक्त देणाऱ्यांवर आणि रुग्णासाठी धावून येणाऱ्या सग्यासोयऱ्यांवर. लाल पेशी ४२ दिवसांपर्यंत टिकतात, प्लेटलेट्स पाचच दिवस. म्हणजे बाटली चढत असते तेव्हा महिना-दीड महिन्याच्या आत कुणीतरी, कुठल्यातरी मंडळाच्या मांडवात, बाही वर करून पडलेलं असतं. मेंदूमृत दात्याचं मूत्रपिंड किंवा यकृत मिळालेल्यांची गोष्ट आणखी अवघड. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४चा. त्याखालच्या व्यवस्थेत दात्याच्या कुटुंबाची ओळख गुप्त ठेवली जाते. पद्मजा फाटक यांनी आपल्या मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या अनुभवावर ‘हसरी किडनी’ हे पुस्तक लिहिलं. हा प्रवास एकट्याचा कधीच नसतो, हे मराठी वाचकांपर्यंत पोचवणाऱ्या पुस्तकांपैकी ते एक.

नाव नसलेल्याचं देणं परत करता येत नाही, पुढे मात्र देता येतं. १९५१मध्ये बोस्टनला डॉ. ड्वाइट हार्केन यांच्या हातून हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या चार रुग्णांनी इतर हृदयरुग्णांना भेटून धीर द्यायला सुरुवात केली. त्यातून ‘मेंडेड हार्ट्‌स’ ही संघटना उभी राहिली. १९५२मध्ये स्तनाच्या शस्त्रक्रियेतून उठलेल्या टेरेस लासर या स्त्रीनं अमेरिकेत तशाच रुग्ण स्त्रियांना भेटायला जाण्याचा उपक्रम सुरू केला. तो आता अनेक देशांत चालतो. मुंबईत १९६९पासून कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन काम करते. १९९४मध्ये स्वतः कर्करोगातून उठलेल्या वंदना गुप्ता यांनी ‘व्ही केअर’ सुरू केलं; तिथे रुग्णांना भेटायला जाणाऱ्यांत आजारातून उठलेलेही असतात. बाजूच्या खाटेवरच्या काकांचं काम क्युलिक-माहलरनी मोजलं, या लोकांनी त्याची संस्था केली.

बाहेरगावच्या रुग्णांसाठी परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा वर्षानुवर्षं उभ्या आहेत. नातेवाइकांची फुटपाथवरची आबाळ पाहून स्वतः गाडगेबाबांनी जेजे रुग्णालयापाशी धर्मशाळा उभारली होती. गाडगेबाबा गावात गेले की आधी झाडू हातात घेत, काम करत आणि मगच भाकरी स्वीकारत. घेण्याचा आणि देण्याचा मेळ इतका रोखठोक घालणारा माणूस महाराष्ट्रात विरळा.

काय करता येईल

पहिला आठवडा रुग्णानं कुणाचं देणं लागतो याचा विचार करू नये. फोन घरातल्या एकानं घ्यावेत आणि खुशाली कळवावी. त्याच माणसानं एका वहीत नोंद ठेवावी: रात्री कोण बसलं, कुणी किती पैसे हातउसने दिले, कुणी मुलांना शाळेत सोडलं, रक्त द्यायला कोण आलं. आठवण पुसट होते आणि भुलीच्या औषधानंतर ती तर अगदीच बेभरवशाची असते. महिन्याभरानं ही वही कामाला येते.

आभार मानताना नेमकी गोष्ट सांगावी. ‘तुम्ही खूप केलंत’ हे ऐकणारा विसरतो. ‘त्या मंगळवारी पावसात तुम्ही औषध घेऊन आलात म्हणून रात्र निभावली’ हे तो विसरत नाही. उसने पैसे असतील तर ते कधी देणार ते सांगणं हाच आभार. गोड बोलून तारीख टाळणं हा त्याच्या उलटचा प्रकार. मदत करणाऱ्यानंही ‘त्यात काय एवढं’ म्हणून समोरच्याचं वाक्य मध्येच तोडू नये. त्याला ते बोलायचं असतं, ऐकून घ्यावं.

रुग्णालयातून निघताना वॉर्डात पेढे वाटण्याची पद्धत चांगली आहे. हातात नोट सरकवण्याची नाही, कारण तिच्यामुळे पुढच्या रुग्णाकडून अपेक्षा तयार होते आणि ज्याच्याकडे नोट नाही त्याची उपेक्षा होते. त्यापेक्षा चांगलं वागलेल्या सिस्टरचं, मावशींचं, वॉर्डबॉयचं नाव घालून अधिष्ठात्यांना किंवा वैद्यकीय अधीक्षकांना चार ओळींचं पत्र द्यावं. तक्रारीची पत्रं त्यांच्याकडे रोज येतात, कौतुकाची क्वचित.

आणि रक्ताचं. मोठी शस्त्रक्रिया झालेल्याला स्वतः वर्षभर रक्त देता येत नाही. हृदयाची शस्त्रक्रिया किंवा कर्करोग झालेल्याला पुढे कधीच नाही. पण त्याच्या घरात १८ ते ६५ वयाचं, किमान ४५ किलो वजनाचं आणि किमान १२.५ हिमोग्लोबिन असलेलं कुणीतरी असतंच. पुरुषांना दर ९० दिवसांनी, स्त्रियांना दर १२० दिवसांनी रक्त देता येतं. तुमच्या घरात कुणाचे टाके नुकतेच सुटले असतील, तर उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापुरात पुढचं शिबिर कधी आहे ते आजच विचारून ठेवा आणि रुग्णाच्या वतीनं एकानं तरी जाऊन या.